लेकीचं सुतक

आमच्या गावातल्या घराचा स्लॅब गळत नाही. पावसाळ्यात माहेरी गेले की मी आधी मधल्या खोलीत जाते आणि वर बघते. जिन्याच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत एक रेघ उमटायला हवी, आधी ओलसर आणि पुढे पिवळट होत जाणारी. ती कुठून निघेल, कुठे वळेल, हे मला नेमकं माहीत आहे. अजून ती उमटलेली नाही. भाऊ म्हणतो, "ताई, तू आमाला भेटायला येतीस का छताला?" छत कोरडं दिसलं की मला बरं वाटत नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले. लग्न होऊन हिंगोलीला आले आणि एका तंत्रनिकेतनात शिकवू लागले. फळ्यावर पाया, तुळई, स्लॅब काढून दाखवायचे, पण माझ्या नजरेसमोर पायापासून उभं राहिलेलं एकही घर नव्हतं. तिशी उलटल्यावर रजा काढली आणि बांधकाम व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी घ्यायला शहरात जाऊन राहिले. नवऱ्याची ना नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "जा बाई, इथं राहून तरी तू पुस्तकातच असतीस. भाड्याची खोली घेऊन पुस्तकात राहा."

गावात हा विषय सांगायचा म्हणजे पंचाईत व्हायची. बाबांनी फोनवर विचारलं होतं, "घर बांधायला शिकवतेत का तिथं?"

"नाही बाबा. घर वेळेत कसं संपवायचं ते शिकवतात."

"मंग आपल्या गुत्तेदाराला धाडायचं व्हतं. तू काहून गेलीस?"

पण त्यांना ते समजलं होतं. कुठलंही काम दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी खोळंबून असतं. काही कामं चार दिवस पुढे ढकलली तरी कुणाचं बिघडत नाही, त्यांना सवड असते. काही कामांना मात्र सवडच नसते. ती थांबली की सगळं घर थांबतं. तक्त्यावर अशी कामं एकमेकांना लाल रेघेने जोडतात. या अभ्यासात मला फार सुख वाटायचं. ग्रंथालयात खिडकीशी बसून एखाद्या न पाहिलेल्या इमारतीचे दिवस ओळीने लावत जायचे, कुणी हाक मारत नसे, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नसत. इतकं सुख एकटीने घ्यावं का, हा प्रश्न तेव्हाही पडायचा. मी तो बाजूला सारून पान उलटत असे.

प्रबंधाची वेळ आली तेव्हा माझे मार्गदर्शक म्हणाले की पूल आणि मनोरे सगळेच घेतात, तुम्ही खेड्यातली छोटी घरं घ्या, ती का रखडतात ते बघा. मी वसमत तालुक्यातली काही घरं निवडली. बाबांच्या कानावर गेलं. आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडे आहे. तिथे जुन्या पत्र्याच्या खोलीसमोर स्लॅबचं घर बांधायचं त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. हळदीला बरा भाव आला की बांधू म्हणायचे आणि भाव आला की बैल बदलायचे. या वेळी ते म्हणाले, "घे, माझं बी घर घे. तुझा अभ्यास हुईल अन् तुझ्या आईला पक्कं छत."

तक्ता मी मोठ्या कागदावर काढून दिला आणि बाबांनी तो पत्र्याच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी लावला. ते त्याला पंचांग म्हणत. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावत. "या, आमच्या घराचं पंचांग बघा. ह्यो पाया, हे कॉलम. अन् ही लाल रेघ हाय ना, हिच्यावरचं काम थांबलं की समदं थांबतंय."

बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार गावचाच, बाबांच्या डोळ्यांपुढे वाढलेला. तो एकदा तक्त्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला. "काका, ह्या पंचांगात माझ्या मेव्हण्याचं लगीन हाय का?"

"न्हाई."

"मंग लाल रेघंला मनावं, तू बी चल लग्नाला. गोडधोड खाऊन येऊ संगट."

हळदीची काढणी सुरू झाली आणि कामावरचे मजूर कमी झाले. मी सुट्टीला आले तर जोत्याजवळ एक गवंडी एकटाच बिडी ओढत बसलेला. मजूर कुठे गेले म्हणून विचारलं, तर ते आमच्याच शेतात होते. घरमालकाने स्वतःच्या घरावरचे मजूर स्वतःच्या हळदीत नेले होते. बाबा पकडलं गेल्यासारखे हसले. "लिहून घे. उशिराचं कारण, मालक लबाड."

मी लिहिलं, "हंगाम."

"असं काहून? खरं लिही की."

"प्रबंधात असंच लिहितात बाबा."

"मंग तो परबंद काय कामाचा," ते म्हणाले आणि गुत्तेदाराला टाळी दिली.

माझी अजून एक सवय त्यांच्या थट्टेचा विषय होती. माहेरी पाय ठेवला की मी आधी परतीचा दिवस सांगायचे. परवा निघते, रविवारी निघते. ते आईला म्हणत, "आली न्हाई तर जायचं पंचांग काढती. चहा लवकर टाक."

मेच्या अखेरीस घर स्लॅबला आलं. भिंती आणि कॉलम उभे राहिले होते, वर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या आणि सळईची जाळी बांधणं चाललं होतं. मी शहरात होते आणि प्रबंध सादर करायचा दिवस जवळ आला होता. बाकी घरांची प्रकरणं लिहून झाली होती, आमच्या घराचं तेवढं स्लॅबपाशी अडलं होतं. स्लॅब पडल्याशिवाय ते पुरं होणार नव्हतं. त्या सकाळी मी ग्रंथालयात तेच प्रकरण उघडून बसले होते, तेव्हा भावाचा फोन आला. बाबा लिंबाखाली खुर्चीत बसून सळईचं काम बघत होते. गवंड्याने काहीतरी विचारलं तर ते बोलले नाहीत. तसेच बसून राहिले होते.

वारंगा फाट्यावर नवरा मोटरसायकल घेऊन उभा होता. आम्ही पोचेपर्यंत सगळे थांबलेले होते. त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. पुढचं लिहिते.

लग्न झालेल्या लेकीला आई-बापाचं सुतक तीनच दिवसांचं असतं. लेकाला दहा दिवसांचं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. चुलत आत्या, मोठी चुलत बहीण, कुणी ना कुणी चौथ्या दिवशी न्हाऊन आपल्या घरी जाताना मी पाहिली होती आणि त्यात मला कधी काही वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी भावकीतल्या एका म्हाताऱ्या काकूने मला न्हाणीत नेलं, डोक्यावरून पाणी घातलं आणि म्हणाली, "फिटलं बाई तुझं. आता आईला शिवू नको, परत धरावं लागंल."

आई पत्र्याच्या खोलीत कोपऱ्यात बसलेली होती. तीन दिवस मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. आता मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. तिने एकदा माझ्या ओल्या केसांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी तशीच नव्या घराकडे गेले. सळईची जाळी बांधून पुरी झाली होती. बाबांची खुर्ची लिंबाखाली होती, कुणी हलवली नव्हती. वाऱ्याला ओला वास होता आणि पूर्णा नदीच्या बाजूला आभाळ काळं होऊन आलं होतं. त्या फळ्यांवर पाऊस पडला तर त्या फुगणार, जाळीत चिखल बसणार आणि सगळं पुन्हा उचकटावं लागणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. प्रबंधाचा दिवस किती जवळ आहे, तेही मला त्याच क्षणी आठवलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात आल्या. आधी कुठली आली, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे.

दुपारी लिंबाखाली माझे सख्खे काका, भाऊ आणि गुत्तेदार बसले होते. मी जरा लांब दगडावर बसले.

गुत्तेदार म्हणाला, "विषय काढू नये काका, पण आभाळ बघून राहिले ना तुमी?"

"सुतकात नारळ फुटत न्हाई," काका म्हणाले. "तेरवी होऊ द्या."

"तेरवीलोग थांबतो मनला का पाऊस तुमाला?"

"मंग भिजू द्या. माणूस गेलं, फळ्यांचं काय घेऊन बसला."

भाऊ गुडघ्यांत मान घालून बसला होता. थोड्या वेळाने गुत्तेदाराने माझ्याकडे बघितलं. "ताईचं तर फिटलं की आज. ताईच्या हातानं नारळ फोडला तर कोन काय मनंल? त्या काय आता ह्या घरच्या न्हाईत."

मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं नाही, कारण मला आश्चर्य वाटलं नव्हतं. न्हाणीतून नव्या घरापर्यंत चालत येताना हाच विचार माझ्या मनात येऊन गेला होता. फक्त तो बोलायला दुसरं कुणी मिळालं.

काका बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तिच्या आईला इचारा."

भाऊ उठून पत्र्याच्या खोलीकडे गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे आईचा आवाज आम्हाला ऐकू आला. "ती तिकडची झाली आता. तिला चालतंय."

एवढंच. मी हे शब्द मनात इतक्या वेळा फिरवले आहेत की आता त्यांना आईचा आवाज उरलेला नाही.

स्लॅबच्या दिवशी नवरा हिंगोलीहून आला. आम्ही दोघांनी मिळून पूजा केली, मी नारळ फोडला, गुत्तेदाराने कोपऱ्यात पाणी शिंपडलं. मिक्सर सुरू झाला. तांड्यावरच्या बाया आणि गावातले गडी रांग लावून उभे राहिले आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जाऊ लागली. मी वर फळीवर उभी होते. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून पुढच्या दाराकडे सरकत जायचं असं ठरलं होतं. त्या दिवशी मी जे जे बघितलं ते नीट बघितलं, हे मला कबूल करायला हवं. जाडी बघितली, जाळी उचललेली आहे ना ते बघितलं. फळ्यावर शिकवलेलं सगळं पहिल्यांदा पायांखाली होतं, आणि मधूनच काही क्षण असे गेले की मला बाबा आठवले नाहीत.

सुतकाच्या दिवसांत भेटायला माणसं येत राहतात. हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. तक्ता काढणाऱ्या कुणीच धरलं नसतं. पहिला टेम्पो आला तो आईच्या माहेरच्या गावाचा. बायका खाली उतरल्या, पदर तोंडावर घेतले आणि अंगणातूनच रडत पत्र्याच्या खोलीकडे निघाल्या. गुत्तेदाराने कुणाला न विचारता मिक्सर बंद केला. रांगेतले हात जागच्या जागी थांबले. एका बाईने भरलेलं घमेलं कमरेवर तसंच धरून ठेवलं. गडी डोक्याचं फडकं काढून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असंच करतात. घरात रडणं सुरू असेल तर शेजारी टीव्हीसुद्धा बंद होतो.

आतून आईचा आवाज आला. तीन दिवस ती माझ्याजवळ बसून जशी रडली तसा हा आवाज नव्हता, माहेरच्या माणसांपुढे फुटलेला होता. मी वर उभी राहून तो ऐकला. हुंदका ओसरला तसा गुत्तेदाराने मिक्सर परत सुरू केला. फार वेळ गेला नव्हता.

दुसऱ्यांदा मावशी आली. सिद्धेश्वर धरणाकडच्या गावात दिलेली माझी धाकटी मावशी, बाबांनीच स्थळ बघून तिचं लग्न लावलं होतं. ती माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून आली आणि दारातच बसली. मिक्सर पुन्हा बंद झाला. या वेळी थांबणं लांबलं. आम्ही बरोबर मध्यावर आलो होतो, काँक्रीटची कड जिन्याच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत होती. ओतलेलं काँक्रीट जास्त वेळ थांबवता येत नाही. ते आळत जातं आणि मग नवं काँक्रीट जुन्याला नीट धरत नाही. मध्ये एक सांधा राहतो, वरून दिसतही नाही, पण पावसाळ्यात पाणी तिथूनच वाट काढतं. हे मी कितीतरी मुलांना शिकवलं होतं. आता काँक्रीटची कड माझ्या पायांशी होती आणि उन्हात तिचा ओला रंग जात चालला होता.

मावशी आईला सोडून अंगणात आली. तिने वर बघितलं आणि मला हाक मारली. "ये ना ग माझ्याजवळ. ये ना खाली."

मी शिडीपर्यंत गेले. गुत्तेदार हळू आवाजात म्हणाला, "ताई, तिकडून शिवून आल्या त्या. तुमाला शिवल्या तर परत धरंल. मंग ह्यो अर्धा स्लॅब कोनाच्या हाताखाली पडंल?"

मी थांबले. नियम माझ्या बाजूने होता. शास्त्रही माझ्या बाजूने होतं, दोन्ही शास्त्रं. खाली मावशी हात पसरून उभी होती आणि आत आई अजून रडत होती. बाया आणि गडी माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "चालू करा."

गुत्तेदाराने एकदा दाराकडे बघितलं. मी परत म्हणाले. मिक्सर धडधडला आणि आईचा आवाज त्याच्याखाली गेला. मावशी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग पदराने तोंड पुसून आत गेली. यानंतर दोनदा माणसं आली. गुत्तेदाराने मिक्सर थांबवला नाही. त्याला आता माझी परवानगी होती.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना मालकाकडून जेवण असतं. बाबांनी सगळ्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी कबूल केली होती. आमच्या घरी चूल पेटत नव्हती, आमचंच जेवण भावकीतून येत होतं. तरी दुपारी शेजारच्या अंगणात गोवऱ्यांचा धूर दिसला. आईने आतून निरोप पाठवला होता की त्यांचा शब्द आहे, माणसं उपाशी जायला नकोत. मजूर लिंबाखाली ओळीने बसले. एरवी स्लॅबच्या पंगतीत तूप ओढून घेण्यावरून काय गोंधळ असतो. त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा मागून घेतलं नाही. एक म्हातारी मजूर बाई खुर्चीकडे हात करून म्हणाली, "बसून बघाया पायजे व्हते." मी रोडग्यांचं ताट घेऊन पुढे गेले आणि तसंच परत आणलं.

पाऊस त्याच आठवड्यात आला. स्लॅब वाचला. सगळे म्हणाले, बरं झालं लेक शिकलेली आहे.

मी लगेच शहरात परतले. स्लॅबला पाणी द्यायचं काम दहाव्यानंतर आईने स्वतःकडे घेतलं. शेतातली माती आणून तिने स्लॅबवर वाफे घातले आणि हळदीला पाणी सोडावं तसं त्यांत भरू लागली. भावाने एकदा फोनवर हसत सांगितलं, "वाफ्यात लव्हाळा उगवला ताई. आई बसून उपटून राहिली. इथं बी आला का मेला, मनती." मी हसले. मग दोन्हीकडचं हसणं थांबलं, कारण ही गोष्ट सांगायला आम्हा दोघांना तिसरं एक माणूस हवं होतं.

प्रबंध वेळेत सादर झाला. त्यात घरांना नावं नव्हती, अक्षरं होती, आणि बाबा सगळीकडे "मालक" होते. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक सौम्य गृहस्थ होते. त्यांनी पानं उलटत चष्मा वर केला. "बाकी सगळी घरं रखडली आहेत. या एका घराचा स्लॅब मात्र ठरलेल्या दिवसाच्या आसपास पडला आहे. तोही मधे मालकाचं निधन होऊन. हे कसं साधलं?"

माझे मार्गदर्शक समोरच्या कपात बघू लागले. त्यांना माहीत होतं.

मी म्हणाले, "निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती कामावर हजर होती, सर."

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "हे निष्कर्षात यायला हवं. अशी एक व्यक्ती प्रत्येक कामावर असली पाहिजे."

मी ते वाक्य निष्कर्षात घातलं. छापलेल्या प्रबंधात ते आहे. बाबा म्हणाले असते, "खरं लिही की."

वर्षश्राद्ध झालं, वास्तुशांत झाली आणि भाऊ, भावजय नव्या घरात राहायला गेले. आई गेली नाही. तिची गोधडी, तांब्या आणि चष्म्याचं घर पत्र्याच्या खोलीतच राहिलं. दिवसातून चारदा ती जिना चढून स्लॅबवर जाते, शिजवलेली हळद पसरते, हाताने वरखाली करते, गोळा करते. छतावर तिचा वावर आहे. छताखाली ती पाहुण्यासारखी येते, उंबऱ्याशी बसून चहा पिते आणि उठते. ज्या छतासाठी बाबांनी घर काढलं ते तिच्यासाठीच होतं. भाऊ म्हणतो हट्ट आहे. भावजयीला वाटतं तिचं काही चुकलं. मला वाटायचं की कारण मला ठाऊक आहे. ज्या स्लॅबने तिचा आवाज झाकला त्याच्याखाली ती कशाला झोपेल.

हे मी तिला विचारायला फार वेळ घेतला. या मे महिन्यात गेले तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर ती पत्र्याच्या खोलीत मुठीएवढे हळदीचे गड्डे निवडत बसली होती. बाबांचा तक्ता अजून भिंतीवर आहे, उन्हाने लाल रेघ उडून गुलाबी झालेली आहे.

"आई, तू तिकडं का झोपत नाहीस?"

"झोपते की. सूनबाईची माय आलती तवा न्हाई का झोपले?"

"एक दिवस."

"वर हळद टाकलेली असती. हितं पत्र्यावर थेंब वाजला की कळतंय. तिकडं आभाळ फाटलं तरी कळत न्हाई. कोन उठंल मंग?"

"भाऊ आहे ना."

"त्याला घोरताना त्याचं त्याला आयकू येत न्हाई, थेंब काय आयकू येतो."

मी दोन-तीन गड्डे हातात घेऊन त्यांची माती काढत बसले. मग म्हणाले, "स्लॅबच्या दिवशी तू रडत होतीस, आणि मी मिक्सर चालू करायला लावला."

"कवा?"

"मावशी आली तेव्हा."

आईने हात थांबवले. तिने खरंच आठवून बघितलं, हे तिच्या कपाळावर दिसलं. "तुझी मावशी दहाव्याला आलती ना?"

"नाही. त्याच दिवशी आली होती. मला खाली बोलावत होती."

"आसंल," आई म्हणाली. "मला त्या दिसातलं काईच ध्यानात न्हाई बाई. कोन आलं, कोन गेलं. रोडगे केलते तेवढं याद हाय. भाजीला मीठ कमी व्हतं मनली शेजारीण."

ती परत निवडू लागली. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी तिची एक गोष्ट सांभाळून ठेवली होती आणि ती तिच्याजवळ नव्हतीच. तिने माफ करावं असं तिच्याकडे काही नव्हतं. मावशीला आठवत असेल, पण मावशीने त्यानंतर मला कधी हाक मारून जवळ बोलावलेलं नाही, आणि मीही तिच्या गावावरून गेले तरी उतरलेली नाही. बाकी जे उरलं ते माझ्याकडेच राहणार, हे मला त्या रात्री कळलं.

"कवा निघायचंय?" आईने विचारलं.

एरवी हे मी आल्या आल्या सांगितलेलं असतं. या वेळी सांगितलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शाळा-कॉलेजला सुट्ट्या होत्या, नवरा घरी होता, प्रबंध केव्हाच कपाटात गेला होता.

"ठरवलं नाही अजून."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंजे?"

"म्हणजे राहते."

ती हळदीचं सूप बाजूला सारून उठली आणि दोरीवरची गोधडी ओढली. "हितं दोघी मावायच्या न्हाईत. चल तिकडं. आभाळ बघितलंस का येताना?"

"स्वच्छ आहे."

"बराबर बघितलंस?"

"बघितलं."

मधल्या खोलीत तिने गोधडी अंथरली, दाराकडे डोकं करून. आडवी झाली आणि लगेच कुरकुर सुरू केली की नुसती भट्टी आहे, पंखासुद्धा गरम हवा फेकतो, पत्रा तरी संध्याकाळी निवतो. बोलता बोलता तिचे शब्द लांब पडत गेले. मी शेजारी पडले होते. झोपेत तिने कूस बदलली आणि तिचा हात माझ्या दंडावर येऊन पडला, हळदीने पिवळा झालेला, जड. मी तो हलवला नाही. वर बघत राहिले. जिन्याच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत छत सारखं होतं. रेघ नव्हती.